कसाला गावी पाहुणा : इयत्ता पाचवीसाठी भूगोलाचा एक नमुना पाठ

पाठाचे प्रयोजन

परदेशांचा भूगोल शिकविताना आपल्या शाळांतून बहुधा देशाचे नाव, राजधानी, नद्या, पिके आणि खनिजे यांची यादी फळ्यावर येते. मुले ती वहीत उतरवून घेतात, घोकतात आणि परीक्षा संपताच विसरतात. सुदान देशाच्या बाबतीत तर अडचण आणखी मोठी आहे. हे नाव मुलांच्या कानी पडते ते युद्ध आणि उपासमार यांच्या वार्तांतून. त्यामुळे त्या देशातही माणसे सकाळी उठून चूल पेटवितात, बाजारात घासाघीस करतात, लग्ने लावतात, पाहुण्याला बसावयास चटई घालतात, ही साधी गोष्ट मुलांच्या ध्यानात येत नाही. ज्या मुलखाची आपल्याला केवळ कीव वाटते, त्या मुलखाचा आपण अभ्यास करू शकत नाही.

यास्तव या पाठात संपूर्ण देश न घेता त्या देशातील एकच गाव घेतले आहे. ‘आपण तेथे पाहुणे म्हणून गेलो तर काय पाहू, काय खाऊ, काय शिकू आणि कसे वागू?’ हा एकच धागा पाठभर धरावयाचा आहे. गाव आहे पूर्व सुदानमधील कसाला. पाठाची उद्दिष्टे तीन आहेत :

१. अक्षांश सारखे असूनही हवामान भिन्न का असते, हे मुलांनी नकाशावरून शोधून काढावे.
२. हंगामी नदी आणि तिच्यावर जगणारे गाव यांचा संबंध मुलांना सांगता यावा.
३. आपल्या ताटातील भाकरीचे आणि या दूरच्या मुलखाचे नाते मुलांना समजावे.

पाठास दोन तासिका लागतील.

पूर्वतयारी व साहित्य

जगाचा नकाशा, पृथ्वीचा गोल, दोऱ्याचा तुकडा, ज्वारीचे एक कणीस, थोडी भिजविलेली चिकणमाती आणि एक कांदा एवढे साहित्य पुरे आहे. कणीस व माती आणण्याचे काम आदल्या दिवशी मुलांकडेच सोपवावे. चित्रे मिळाल्यास उत्तम. न मिळाल्यास पाठ अडत नाही.

प्रस्तावना

शिक्षकाने प्रथम मुलांना विचारावे : आज सकाळी तुम्ही काय खाऊन आलात? पाचदहा उत्तरांत भाकरी हे उत्तर येईलच. मग विचारावे : भाकरी कशाची? ज्वारी कोठून आली? मुले सांगतील, ‘आमच्या शेतातली’ किंवा ‘दुकानातली’. हे उत्तर खोडून काढू नये. पुढचा प्रश्न असा असावा : तुमच्या शेतात बियाणे आजोबांनी पेरले, आजोबांना त्यांच्या आजोबांनी दिले, असे मागे मागे जात राहिलो तर ज्वारी प्रथम पेरणारा माणूस आपल्याला कोठे भेटेल?

मुले विचारात पडली की हेतुकथन करावे : ‘ज्या मुलखात माणसाने अगदी प्रथम ज्वारी पिकविल्याचा पुरावा सापडला आहे, त्या मुलखातील एका गावी आज आपण पाहुणे म्हणून जाणार आहोत.’

विषय-विवेचन

(अ) गाव नकाशावर शोधणे

गोलावर पणजी शहर दाखवावे. ते साधारण १५॥ उत्तर अक्षांशावर आहे. एका मुलाने दोऱ्याचे टोक पणजीवर धरावे व दुसऱ्याने दोरा त्याच अक्षवृत्तावरून पश्चिमेकडे न्यावा. दोरा अरबी समुद्र ओलांडतो, येमेनच्या साना शहराजवळून जातो, तांबडा समुद्र पार करतो, एरिट्रियाची राजधानी अस्मारा हिच्या शेजारून निघतो आणि सुदानच्या हद्दीत शिरताच कसाला गावास लागतो. तसाच पुढे नेला तर राजधानी खार्टूमजवळ पोचतो. पणजी, साना, अस्मारा, कसाला आणि खार्टूम ही पाच गावे जवळजवळ एकाच रेषेवर आहेत, हे पाहून मुलांना नवल वाटेल. त्या नवलाचा लगेच उपयोग करून घ्यावा.

शिक्षकाने विचारावे : एकाच रेषेवर असल्यामुळे या गावांचे हवामानही एकच असेल काय? पणजीस वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. कसाल्यास तीनशे मिलिमीटरच्या आतबाहेर. पणजी समुद्रकाठी आहे आणि तिच्या पाठीशी सह्याद्री आहे. म्हणून समुद्रावरून आलेले वारे तेथे भरभरून पाऊस देतात. कसाला समुद्रापासून आत, सहाराच्या कडेवर आहे. पावसाळी वारे तेथवर पोचेपर्यंत बहुतेक रिते झालेले असतात. जो काही पाऊस पडतो तो मुख्यतः जुलै व ऑगस्ट या दोन महिन्यांत. मे महिन्यात तेथील पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि धुळीची मोठमोठी वादळे उठतात. त्या वादळांना ‘हबूब’ म्हणतात. म्हणून शहाणा पाहुणा नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात कसाल्यास जाईल.

येथे गणिताचा धागा जोडता येतो. भारताची प्रमाणवेळ ८२॥ पूर्व रेखांशावरून ठरते. सुदानची ३० पूर्व रेखांशावरून. अंतर ५२॥ अंशांचे. दर अंशास चार मिनिटे धरली तर २१० मिनिटे, म्हणजे साडेतीन तास होतात. आपल्या शाळेची घंटा सकाळी अकरा वाजता होते, तेव्हा कसाल्याच्या घड्याळात साडेसात वाजलेले असतात.

(आ) पहिली सकाळ : डोंगर

कसाल्यास पोचणाऱ्याला गाव दिसण्याच्या आधी डोंगर दिसतो. चोहीकडे सपाट मैदान आणि त्यातून एकदम वर आलेले प्रचंड, गुळगुळीत, घुमटांच्या आकाराचे खडक. यांना ताका डोंगर म्हणतात. त्यांच्या एका भागाचे नाव तोतील.

आपल्या सह्याद्रीचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. कारण तो लाव्ह्याच्या थरांवर थर साचून बनलेला काळा कातळ आहे. ताका डोंगर ग्रॅनाइटचा आहे. ग्रॅनाइट भूपृष्ठाखाली खोल थिजतो. वरचे दडपण झिजून नाहीसे झाले की तो फुगतो व त्याचे पापुद्रे सुटू लागतात. येथे कांदा हाती घेऊन त्याचे पापुद्रे मुलांसमोर सोडवावेत. पापुद्रे सुटत गेले की कडा व कोपरे नाहीसे होतात आणि गोल घुमट उरतो. दिवसा रणरणते ऊन व रात्री थंडी यांमुळेही पापुद्रे सुटण्यास मदत होते.

पाहुण्याने पहाटेच तोतीलच्या पायथ्याशी जावे. तेथे एक लहानसा झरा आहे. त्याचे पाणी जो पितो तो पुन्हा कसाल्यास येतो, अशी गावकऱ्यांची समजूत आहे. सुदानमधील नवविवाहित दांपत्ये हवापालटासाठी कसाल्यास जात आणि या झऱ्याचे पाणी हमखास पीत. शिक्षकाने मुलांना विचारावे : आपल्या आसपास अशी समजूत असलेली विहीर, कुंड वा झरा आहे काय? कोरड्या मुलखातील माणसे पाण्याभोवतीच गोष्टी का गुंफतात?

(इ) कॉफीची बैठक

झऱ्याच्या वाटेवर कॉफीची लहान दुकाने आहेत. कसाल्यास गेलेल्या पाहुण्याने घाई न करता करावयाची गोष्ट कोणती, असे कोणी विचारले, तर ती ही. प्रथम कॉफीचे हिरवे दाणे निखाऱ्यावर भाजतात. भाजलेले दाणे सुंठीबरोबर उखळात कुटतात. ही भुकटी मातीच्या, बसक्या पोटाच्या व अरुंद मानेच्या लहान भांड्यात पाण्याबरोबर उकळतात. या भांड्याला ‘जबना’ म्हणतात आणि त्यावरून कॉफीलाही तेच नाव पडले आहे. भांड्याच्या तोंडाशी काथ्यासारख्या धाग्यांचा बोळा बसवितात. त्यातून कॉफी गाळली जाऊन कानाविरहित लहान पेल्यात पडते. साखर भरपूर.

भांडे पुन्हा पुन्हा भरले जाते. पहिला पेला रिता करून उठून जाणे रीतीला धरून नाही. गप्पांचा आरंभ परस्परांच्या कुशलप्रश्नांनी होतो. ‘तुम्ही कसे आहात, घरची मंडळी कशी आहेत, प्रकृती कशी आहे’ असे प्रश्न दोन्ही बाजूंनी बराच वेळ चालतात. कामाची गोष्ट नंतर. मुलांनी ‘अस्सलामु अलैकुम’ आणि त्याचे उत्तर ‘व अलैकुम अस्सलाम’ हे म्हणून पाहावे. अर्थ ‘तुम्हांस शांती लाभो’ असा सांगावा.

(ई) गाश नदी

सूर्य वर आला की पाहुण्याने नदीकडे जावे. परंतु हिवाळ्यात गेल्यास त्याला नदी सापडणार नाही. सापडेल ते रुंद, कोरडे, वाळूचे पात्र व त्यावरील पूल. ही गाश नदी. ती अस्माऱ्याच्या दक्षिणेस एरिट्रियाच्या डोंगराळ भागात उगम पावते. तिकडे तिला मारेब म्हणतात. डोंगरात पाऊस झाला की जून अखेरपासून सप्टेंबरपर्यंत ती लाल गढूळ पाण्याने दुथडी भरून वाहते. उरलेले महिने तिचे पात्र उघडे असते. आणखी विशेष असा की, ही नदी समुद्रास मिळत नाही. कसाल्याच्या उत्तरेस मैदानात ती फाट्याफाट्यांनी पसरते आणि वाळूत जिरते. त्या जागेस गाशचा त्रिभुज प्रदेश म्हणतात. समुद्रावाचून त्रिभुज प्रदेश कसा, हा प्रश्न हुशार मूल विचारील; त्याचे उत्तर असे की, वेग मंदावला की नदी गाळ टाकते, मग समोर समुद्र असो वा सपाट मैदान.

वरवर कोरडी दिसणारी नदी गावाला बारमाही पोसते. पुराचे पाणी वाळूत मुरते. काठच्या विहिरींना ते लागते आणि त्या पाण्यावर संत्री, पपनसाच्या जातीची फळे, केळी व कांदा पिकतो. कसाल्याची फळे साऱ्या सुदानात नावाजलेली आहेत. त्रिभुज प्रदेशात शेतीची रीत निराळी आहे. पुराचे पाणी कालव्यांनी वळवून बांधलेल्या जमिनीवर काही आठवडे उभे करतात. जमीन खोलवर भिजली की पाणी हटते आणि मग पेरणी होते. त्या एका भिजवणीच्या ओलीवर पीक हाती येते. १९२० नंतरच्या दशकात येथे कापसाची मोठी योजना झाली आणि १९२४ साली रेल्वे कसाल्यापर्यंत आली. पुढे कापूस मागे पडला व ज्वारीचे महत्त्व वाढले.

नदीची दुसरी बाजूही सांगावी. दर पुराबरोबर गाळ येतो, पात्र उथळ होत जाते आणि गावाचा धोका वाढतो. २००३ सालच्या जुलैत गाश बांध फोडून कसाल्यात शिरली. हजारो घरे पडली. जी नदी पोसते तीच बुडविते, हे नदीकाठच्या गावांतील मुलांना समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

(उ) बाजार

दुपारी ऊन टळले की बाजार. कसाल्याचा बाजार पाहणे म्हणजे पूर्व सुदानची वस्ती पाहणे होय. बेजा लोकांच्या हदन्दवा शाखेचे पुरुष पांढऱ्या पोशाखावर गडद रंगाचे जाकीट घालून, क्वचित केसांत लाकडी फणी खोचून येतात. त्यांची तलवार व तिचे चामडी म्यान येथील कारागीर करतात. बनी आमिर लोक गुरे घेऊन येतात. रशायदा हे उंट पाळणारे अरब; त्यांचे पूर्वज १८४६ च्या सुमारास तांबडा समुद्र ओलांडून अरबस्तानातून आले. त्यांच्या स्त्रियांचे रुपेरी कलाकुसरीचे बुरखे व दागिने प्रसिद्ध आहेत. अरबी सर्वांना कळते. पण घरी कोणी बेजा बोलतो, कोणी तिग्रे.

तिळाच्या राशी, भुईमूग, वाळविलेली भेंडी आणि लाल अंबाडीच्या जातीच्या फुलांचे वाळविलेले गर्द तांबडे कोश येथे मांडलेले असतात. या कोशांचे सरबत ‘करकडे’ या नावाने सुदानभर पितात. पाहुण्याने एक पथ्य मात्र पाळावे : कोणाचेही, विशेषतः स्त्रियांचे, छायाचित्र विचारल्यावाचून घेऊ नये. आपल्या गावच्या बाजारात कोणी अनोळखी माणूस आपल्या आईचे चित्र न विचारता घेऊ लागला तर आपणांस कसे वाटेल, एवढे विचारले म्हणजे मुलांना पथ्याचे कारण कळते.

(ऊ) संध्याकाळ : डोंगराखालची मशीद

हल्लीचे कसाला गाव वसले ते १८४० साली, मिसरच्या तुर्की राजवटीची लष्करी छावणी म्हणून. त्याच शतकात खत्मिया या सूफी पंथाचे ते केंद्र झाले. पंथाचे संस्थापक मुहम्मद उस्मान अल-मीरगनी यांचे पुत्र हसन अल-मीरगनी हे १८६९ साली वारले. त्यांची कबर व मशीद ताका डोंगराच्या अगदी पायथ्याशी आहे. महदीच्या अनुयायांनी १८८५ साली कसाला जिंकले, त्या काळात या वास्तूची बरीच हानी झाली. मावळतीचे ऊन मागच्या खडकांवर पडले असताना विटांची ही मशीद पाहण्यास भाविकांबरोबर पाहुणेही येतात. पादत्राणे बाहेर काढावीत, स्त्रियांनी डोके झाकावे, प्रार्थना चालू असता समोरून जाऊ नये. आपल्या गावातील मंदिरात वा दर्ग्यात जे नियम मुले पाळतात, त्यांहून हे फारसे वेगळे नाहीत.

(ए) रात्रीचे जेवण आणि ज्वारीची जन्मकथा

येथे पाठाचा मुख्य भाग येतो. तो दुसऱ्या तासिकेच्या आरंभी, मुले ताजीतवानी असताना घ्यावा.

पाहुण्याच्या ताटात ज्वारीची ‘किसरा’ येते. ज्वारीचे पीठ भिजवून आंबवितात आणि ते सरसरीत पीठ तापल्या सपाट तव्यावर ताडाच्या पानाच्या तुकड्याने झरझर पसरतात. क्षणात कागदासारखी पातळ, मऊ पोळी सुटते. ती वाळविलेल्या भेंडीच्या भुकटीने दाट केलेल्या कालवणाशी खातात. ज्वारीच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळाही करतात. त्यास ‘असीदा’ म्हणतात. मोठे ताट मध्ये ठेवून सर्वांनी उजव्या हाताने एकत्र जेवण्याची रीत आहे. आपण पीठ थापतो, ते पसरतात. आपण ताजे पीठ घेतो, ते आंबवितात. धान्य एकच.

हा योगायोग नव्हे. कसाल्याच्या पश्चिमेस अटबारा नदीवर खश्म अल-गिर्बा हे ठिकाण आहे. तेथे १९६४ साली धरण झाले आणि आस्वानच्या उंच धरणाखाली ज्यांचे वाडी हल्फा गाव बुडणार होते, त्या हजारो न्यूबियन कुटुंबांना या भागात आणून वसविण्यात आले. याच परिसरात पाच हजार वर्षांहून जुन्या वस्तीची खापरे सापडली आहेत. त्या काळचे कुंभार माती तडकू नये म्हणून तीत धान्याचे तूस मिसळीत. भांडे भाजताना तूस जळून गेले. पण त्याचा ठसा मातीत तसाच राहिला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हे ठसे सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यात आले आणि ते ज्वारीचे असल्याचे दिसून आले. पेरलेल्या ज्वारीचा याहून जुना पुरावा तोवर कोठेही मिळालेला नव्हता.

ती ज्वारी रानटी नव्हे, पेरलेली होती, हे कसे कळले? हे मुलांना कणीस हाती देऊन सांगावे. रानटी ज्वारीचे दाणे पिकले की आपोआप गळून पडतात. तिला वंश वाढवावयाचा असतो, म्हणून गळणेच तिच्या हिताचे. दाणा सुटलेल्या जागी तेव्हा गुळगुळीत खूण राहते. माणसाने कापणी सुरू केली तेव्हा गळलेले दाणे भुईवर राहिले आणि कणसाला चिकटून राहिलेले दाणे घरी आले. पुढच्या वर्षी तेच पेरले गेले. असे पिढ्यान्‌पिढ्या होत होत न गळणारी ज्वारी तयार झाली. ती मळावी लागते. मळताना दाणा ओढून तुटतो आणि तुटल्या जागी खरबरीत खूण राहते. खापरांवरील ठशांत दोन्ही प्रकारच्या खुणा आढळल्या. म्हणजे ज्वारी रानातून शेतात येत होती, ते वळणच त्या खापरांत उमटून राहिले आहे.

तेथून ज्वारी हळूहळू निघाली आणि इसवी सनापूर्वी दोन हजारच्या सुमारास भारतात आली. ती कोणी आणली, त्या माणसांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. पण त्यांच्या पिशवीतील बियाणे आपल्या रानात आहे. सकाळच्या प्रश्नाचे उत्तर आता मुलांनीच द्यावे.

वेळ असल्यास सांगावे की, कसाला गावालगत ताका डोंगराच्या कुशीत महाल तेग्लिनोस नावाची प्राचीन वस्ती आहे. १९८० पासून इटालियन संशोधकांनी तेथे उत्खनन केले. चार हजार वर्षांपूर्वीची दफने, त्यांवर उभे केलेले दगड आणि मातीवर उठविलेल्या मोहोरा तेथे मिळाल्या. कोठारातील माल मोजून मापून, मोहोर लावून ठेवणारी ती माणसे होती.

(ऐ) खडकवासल्याची इमारत

मुलांना वाटेल की, कसाल्याशी आपला संबंध आला तो हजारो वर्षांपूर्वीच. तसे नाही. दुसऱ्या महायुद्धात ४ जुलै १९४० रोजी इटलीच्या सैन्याने कसाला घेतले. १९ जानेवारी १९४१ रोजी ते परत मिळाले, त्या मोहिमेत भारतीय सेनेच्या चौथ्या व पाचव्या डिव्हिजनांचे सैनिक होते. तेथून हे सैन्य एरिट्रियात शिरले व केरेनच्या डोंगरात निकराची लढाई झाली. तीत मराठा पलटणींचे जवानही लढले. सुदानच्या सरहद्दीवरील याच मोहिमेत मुंबई सॅपर्सबरोबर असलेले तरुण अधिकारी प्रेमींद्रसिंग भगत यांनी सलग चार दिवस सुरुंग काढीत वाट मोकळी केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

या साहाय्याची आठवण म्हणून सुदान सरकारने १९४१ साली एक लक्ष पौंडांची देणगी दिली. फाळणीनंतर तिचा भारताच्या वाट्यास आलेला सत्तर हजार पौंडांचा भाग पुण्याजवळ खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या कामी आला. तेथील मुख्य इमारतीचे नाव ‘सुदान ब्लॉक’ आहे. तिचे उद्घाटन १९५९ साली झाले. पुण्याकडील मुलांनी हे नाव ऐकले असेल. ते का पडले, हे आता त्यांना सांगता येईल.

आजची स्थिती

‘मग आम्हांला तेथे कधी जाता येईल?’ असा प्रश्न कोणी तरी विचारीलच. उत्तर खरे द्यावे. १५ एप्रिल २०२३ रोजी सुदानची सेना आणि ‘शीघ्र साहाय्य दल’ नावाचे सशस्त्र दल यांच्यात युद्ध पेटले. त्यात एक कोटीहून अधिक लोकांना घरदार सोडावे लागले. या युद्धाने सहलीचा विचार करण्याजोगी स्थिती तेथे ठेवलेली नाही. वर वर्णिलेल्या कॉफीच्या बैठकी, फळबागा व बाजार यांना युद्धाची झळ कमीअधिक लागलेली आहे, हेही लपवू नये.

कसाला मात्र प्रत्यक्ष रणभूमी होण्यापासून दूर राहिले, म्हणून खार्टूम व मध्य सुदानातील असंख्य कुटुंबे आश्रयासाठी तेथे आली. हे त्या गावाला नवे नव्हते. १९६० नंतरच्या दशकापासून एरिट्रियातील निर्वासित गावाजवळच्या वस्तीत राहत आले आहेत. २०२० साली इथिओपियातील तिग्राय प्रांतात युद्ध झाले तेव्हा तिकडील लोकही सरहद्द ओलांडून या प्रांतात आले. गाव काही श्रीमंत नाही. तरी ज्या गावी नवी जोडपी पाण्यासाठी येत, त्याच गावी नंतर बेघर माणसे पाण्यासाठी आली आणि त्यांना ते मिळाले.

त्यांना राहावयास जागा कोठली मिळाली, हे शिक्षकाने सांगितलेच पाहिजे. पुष्कळांना मिळाली ती शाळांत. बाके बाजूला सारून वर्गावर्गांत कुटुंबे राहिली. फळ्याखाली चूल मांडली गेली. आसरा देणे प्राप्त होते. पण त्याची किंमत गावच्या मुलांनी शाळेवाचून राहून चुकविली. यावर भाषण करू नये. ‘आपल्या या वर्गात तीन कुटुंबे राहावयास आली, तर आपण शाळा कोठे भरवू?’ एवढेच विचारावे आणि मुलांना बोलू द्यावे. झाडाखाली, देवळात, सकाळ-दुपारच्या पाळ्यांत, असे उपाय मुले स्वतःच काढतील. कीव वाटण्यापेक्षा उपाय शोधण्याकडे त्यांचे मन वळले, तर पाठाचा मोठा भाग साधला.

फलक-लेखन

कसाला : पूर्व सुदान, १५॥ उत्तर अक्षांश, पणजीच्या रेषेत. पाऊस सुमारे ३०० मि.मी. डोंगर : ताका (ग्रॅनाइट). नदी : गाश (हंगामी, समुद्रास मिळत नाही). पिके : ज्वारी, फळे, कांदा. लोक : बेजा, बनी आमिर, रशायदा. जेवण : किसरा. जुनी ज्वारी : खश्म अल-गिर्बा, ५,००० वर्षांपूर्वी. भारताशी संबंध : ज्वारी, १९४१ ची मोहीम, खडकवासला.

संकलनाचे प्रश्न

१. पणजी व कसाला एकाच अक्षांशाजवळ असून त्यांच्या पावसात इतके अंतर का?
२. हिवाळ्यात गाश कोरडी असते, तरी काठच्या बागा हिरव्या कशा राहतात?
३. ताका डोंगर घुमटासारखा आणि सह्याद्री पायऱ्यांसारखा का दिसतो?
४. खापरावरील ठशावरून ज्वारी पेरलेली होती, हे कसे ओळखले?
५. आपल्याकडे दुपारचे दोन वाजले असता कसाल्यास किती वाजले असतील?

उपक्रम

पहिला : ओल्या मातीच्या वडीत ज्वारीचे तूस व दाणे दाबून बसवावेत, वडी वाळवून भाजावी आणि राहिलेले ठसे भिंगातून पाहावेत. इतिहास लिहिणारा नसला तरी तो कसा शिल्लक राहतो, हे मुलांना स्वतःच्या हाताने कळते.

दुसरा : प्रत्येक मुलाने घरातील वडील माणसांना विचारून ज्वारीपासून होणाऱ्या पदार्थांची यादी करावी. भाकरी, हुरडा, लाह्या, कण्या, आंबील, पापड्या अशी वर्गाची एक मोठी यादी होईल. त्यात आंबवून केलेले पदार्थ कोणते, हे वेगळे दाखवावे व त्यांच्यापुढे ‘किसरा’ हे नाव लिहावे.

तिसरा : पाठ एका बाजूने पुरा होत नाही, पाहुणचार दोन्हीकडून असावा लागतो. म्हणून शेवटच्या दहा मिनिटांत मुलांनी पुढील विषयावर आठ ओळी लिहाव्यात : ‘कसाल्याचा एक मुलगा किंवा मुलगी आमच्या गावी पाहुणी म्हणून आली, तर मी तिला काय दाखवीन, काय खाऊ घालीन आणि तिच्याकडून काय शिकेन.’ हे लेखन तपासताना शुद्धलेखनापेक्षा निवडीकडे अधिक लक्ष द्यावे. गावातील कोणती जागा, कोणता पदार्थ, कोणते माणूस मुलांना दाखवावेसे वाटते, ते यातून कळेल. उत्तम कागद जपून ठेवावेत. पुढे आपल्याच गावाचा भूगोल शिकविताना आरंभ त्या कागदांपासून करावा.